मोठ्या घराची खूण

झाकण पडले. स्टीलचे, चांगले जाडजूड. फरशीवर पडले ते पडलेच, वर आणखी गोल गोल फिरत, कुणीतरी आपली विचारपूस करावी म्हणून हटून बसल्यासारखे खणखणत राहिले. त्याआधी घरात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावरची रात्रपाळी संपवून नुकताच आडवा झाला होता, चिमुकली लेक मुंगी पांघरुणात गुरफटून झोपली होती, आणि ती आरशासमोर पिना दातांत धरून केस बांधत होती. तिघेही दचकले. दचकली नाही ती फक्त तिची आई, जिच्या हातून झाकण सुटले होते. ती पाठमोरी उभी राहून निवांत दूध ढवळत होती.

"काय झालं?" नवऱ्याने उशीतूनच विचारले.

"चोर आलाय. भांडी आवडतात का बघतोय. झोप तू."

"चोर सासूबाईंना घाबरून पळेल," तो पुटपुटला आणि कूस बदलून घोरूही लागला.

तिची आई जन्मापासून बहिरी. त्यामुळे तिच्या हातची भांडी मात्र मोठ्या घशाची. माणसे पायांचा आवाज करू नये म्हणून जपून चालतात ते आईला ठाऊकच नव्हते. अशा आईच्या लेकीला पहिला शब्द आला तो जिभेवर नव्हे, बोटांवर. 'दूध' तिला आधी हाताने मागता आले, तोंडाने नंतर. पुढे शाळेत जाऊन ती बोलभांड झाली, इतकी की बाई म्हणायच्या, घरात कुणी ऐकत नाही त्याची कसर ही इथे भरून काढते. आता त्याच दोन भाषांवर तिचे पोट होते. न्यायालयाच्या यादीत दुभाषी म्हणून तिचे नाव नुकतेच लागले होते. काम क्वचित येई, पण आले की लगेच धावावे लागे.

आजही तसेच. केसांची शेवटची पीन लागते न लागते तो फोन वाजला. न्यायालयातला कारकून होता.

"ताई, तुम्हीच ना बहिऱ्यांच्या दुभाषी? आज लगेच या. काचवाल्याची केस आहे. गृहस्वास्थ्यभंग."

"कसला भंग?"

"गृह-स्वास्थ्य-भंग. जुनं कलम आहे. मला पण आधी वाटलं आरोग्य खात्याचं काहीतरी असेल, घरात घाणबिण केली असेल. पण नाही, त्या दिवशीच्या दगडफेकीतली आहे."

"अहो पण त्याचा नक्की अर्थ काय?"

"अर्थ साहेब बघतील. तुम्ही हात हलवा म्हणजे झालं," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

मुंगीची बालवाडी दगडफेकीपासून बंदच होती. झोपलेल्या बापाच्या भरवशावर पोर ठेवायची म्हणजे मांजराला दुधाची राखण. तेव्हा तिने मुंगीला उठवले, तोंड धुवून फ्रॉक अडकवला, आणि आईला हाताने म्हणाली, 'तूही चल. बाहेरच्या बाकावर हिला घेऊन बस.'

आईने ओले हात पदराला पुसले आणि उत्तर दिले, 'कोर्टात मी कधी गेले नाही. काय घालू?'

'चपला घाल,' ती म्हणाली. आई हसली.

बाजाराच्या रस्त्याने जाताना मुंगी मान वळवून वळवून बघत होती. पोर लहान, पण दोन्ही भाषांत सारखीच चोंबडी. दुकानांच्या फुटलेल्या काचांच्या जागी खोक्यांचे पुठ्ठे ठोकले होते, त्यांवर खोक्यांवरची चित्रे तशीच. "आई, चपलांच्या दुकानाला बिस्किटं लागलीत," ती म्हणाली आणि लगोलग आजीला बोटांनी तेच सांगितले. रस्त्यात माणसे तुरळक होती. ओळखीची माणसे एकमेकांना बघून मान हलवायची आणि पुढे व्हायची. पलीकडच्या गल्लीतली पेढीवाली काकू, जी एरवी मुंगीचा गालगुच्चा घेतल्याशिवाय सोडत नसे, ती आज तिला बघून दुकानात आत वळली. काकूने काही केले नव्हते. यांनीही नाही. पण दगडफेक झाल्यापासून गल्ली 'अलीकडची' आणि 'पलीकडची' झाली होती, आणि कोणत्या तोंडाने हसायचे ते अजून कुणाचे ठरले नव्हते.

न्यायालयाच्या बोळात बाकावर आजी-नात बसतात न बसतात तोच पट्टेवाला आला. "आजीबाई, हा बाक वकिलांचा आहे."

आजी त्याच्याकडे बघून गोड हसली. पट्टेवाल्याने आवाज चढवला. मुंगी म्हणाली, "ओरडू नका. तिला मोठ्यानं पण ऐकू येत नाही. तुम्ही मला सांगा, मी तिला सांगते."

"सांग, बाक वकिलांचा आहे."

मुंगीने हात हलवले. आजीने हलवले. मुंगीने तेच तोंडाने ऐकवले, "आजी म्हणते, वकील आले की उठू."

पट्टेवाला डोके खाजवत गेला. घरातली दुभाष्याची गादी पुढे चालणार असे दिसत होते. दोघींना तिथे सोडून ती आत शिरली. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. पाठीमागे मुंगी बाकावर उभी राहून त्या काचेला नाक लावणार, हे तिला न बघताच कळले.

दालन लांबट होते. न्यायाधीशांच्या खुर्चीमागे भिंतीत अक्षरे कोरलेली होती, जुन्या वळणाची, अनुस्वारांसकट: 'गृहीं स्वास्थ्य राखावें.' राष्ट्राच्या पहिल्या सनदेतले वाक्य. शाळेत तिने ते पाठ केले होते, पण पाठ केलेल्याचा अर्थ कोण विचारतो? तेव्हा वर्गातल्या मुली म्हणायच्या, गृही स्वास्थ्य राखावे म्हणजे घरी कुणी खोकू नये.

पिंजऱ्यात काचवाला उभा होता, खिडक्यांना काचा बसवणारा. वयाने तिच्याहून थोडा थोरला, बोटांवर बारीक पांढरे व्रण. त्या दिवशी संध्याकाळी फुटलेल्या काचांच्या मधोमध तो हातात छोटी हातोडी घेऊन उभा सापडला होता. पोलिसांनी मागून 'हातोडी टाक' असे ओरडून सांगितले, त्याने टाकली नाही, म्हणून त्याला धरले. आरोप एवढाच आणि एवढा मोठा. बाहेर लोक थट्टेने म्हणत होते की काचवाल्यानेच काचा फोडल्या, धंद्याची सोय केली. त्याला ते ऐकू येत नव्हते, हे एक बरे.

तिने समोर उभे राहून हात वर केले आणि आपली ओळख सांगितली. त्याचा चेहरा सैल पडला. धरल्यापासून त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललेले ते पहिले माणूस होते.

न्यायाधीश वयस्क होते. सर्दी झालेली, रुमाल हाताशी. त्यांनी कागद वाचला, "आरोपीला विचारा. त्याने गृहस्वास्थ्याचा भंग केला, हा आरोप त्याला मान्य आहे का?"

डोळ्याचे पाते लवते तेवढाच वेळ दुभाष्याला मिळतो. गृह म्हणजे घर. तिने दोन्ही हातांची बोटे टोकाला टोक लावून छप्पर केले. स्वास्थ्य? ओठांवर बोट ठेवले तर ते 'गप्प' होईल. म्हणून तिने दोन्ही तळवे खाली अलगद नेले, ढवळलेले पाणी निवते तसे. मग दोन मुठी जोडून काटकी मोडावी तशा मोडल्या. आणि शेवटी त्याच्याकडे बोट. घर. निवांत. मोडले. तू?

काचवाला तिच्या हातांकडे बघत राहिला. मग डोळे भरले त्याचे. त्याने मान खाली केली, वर केली, आणि छातीवर हात मारला.

"हो," ती मोठ्याने म्हणाली, कारण त्याचा आवाज होणे हेच तिचे काम. "मोडलं. मी मोडलं."

लघुलेखकाची बोटे यंत्रावर खडखडली. सरकारी वकील खुर्चीत मागे रेलले. आरोपीला न्यायालयाने दिलेला वकील, कोट अजून नवा कोरा असलेला, ताडकन उठला आणि तसाच उभा राहिला.

पण काचवाल्याचे हात थांबले नव्हते. दोन तर्जन्या शेजारी शेजारी. भाऊ. मग हात बाहेर. मग तळवा उभा करून खाडकन बंद. दार. मग पुन्हा छातीवर हात. मी.

तेव्हा तिच्या लक्षात आले. हा दगडफेकीबद्दल बोलत नव्हता. हा त्याच्या स्वतःच्या घराबद्दल बोलत होता. आपण दाखवलेल्या छपराखाली तो सरळ स्वतःच्या दारातून आत शिरला होता, आणि तिथे जे काही त्याच्या हातून घडले होते ते कबूल करत होता. आणि तिकडे कागदावर ते वेगळ्याच घराचे कबूल झाले होते.

दुभाष्याने आपले काही बोलायचे नसते. जे त्याचे ते सांगायचे, आपल्या पदरचे मीठही घालायचे नाही. हे तिला नेमणूक देताना तीनतीनदा बजावले होते. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"साहेब, दुभाष्याची चूक झाली. मी खूण घराची केली. तो स्वतःच्या घराचं सांगतोय. भाऊ, दार, बाहेर. त्याला प्रश्न कळलाच नाही."

"आक्षेप," सरकारी वकील उठले. "प्रश्न विचारला, 'हो' म्हणाला, नोंद झाली. आता दुभाषीबाईंना दया आली म्हणून 'हो'चं 'नाही' होणार का? मग त्या खुणा कुणाच्या, त्याच्या का यांच्या?"

"माझ्याच," ती म्हणाली. "म्हणून तर सांगतेय."

"मग दुभाषी बदला!"

"आज दुसरा कुठून आणू?" न्यायाधीश रुमालात शिंकले. "बसा. बाई, तुम्हाला या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता?"

तिच्या कानशिलांत रक्त चढले. "पाठ होता. ठाऊक नव्हता."

तिला वाटले, आता खरडपट्टी निघणार. पण ते थोडे मागे वळून भिंतीकडे बघू लागले, रोज पाठीशी असलेली वस्तू क्वचित बघतात तसे.

"आमच्या वेळीही पाठच करून घेत," ते म्हणाले. "यातलं गृह म्हणजे चार भिंतींचं घर नव्हे. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यापुढे दोन प्रकारची भांडणं होती. परक्यांशी सीमेवरचं, ते बाहेरचं. आणि आपलीच माणसं आपल्याच माणसांच्या अंगावर जातात, ते घरातलं. गृह म्हणजे अख्खं राष्ट्र. अजून आपण गृहखातं म्हणतोच की. आणि स्वास्थ्य म्हणजे तब्येत नव्हे. स्व-स्थ. जो तो आपापल्या ठिकाणी, निर्धास्त."

"थोडक्यात, सुव्यवस्था," सरकारी वकील म्हणाले. "रस्ते शांत असणं."

"आत्ता येताना पाहिले मी रस्ते. मुंगीही फिरकायची नाही इतके शांत. तुम्हाला त्यात स्वास्थ्य दिसलं?"

वकिलांनी कागद चाळायला घेतले. बाहेर दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या पोरीला आपले नाव आत निघाल्याचा पत्ता नव्हता.

"पहिलं उत्तर बाजूला ठेवा," न्यायाधीश लघुलेखकाला म्हणाले. "खोडू नका, बाजूला ठेवा. प्रश्न पुन्हा विचारला जाईल. बाई, राष्ट्राची खूण करा आणि विचारा."

ती जागची हलली नाही.

"आता काय?"

"साहेब, देशाची खूण आमच्याकडे झेंड्याची आहे. कपाळाशी मूठ, वर फडफड. झेंड्याचं स्वास्थ्य मोडलंस का, असं विचारलं तर त्याला वाटेल झेंड्याला हात लावल्याचा आरोप आहे. आगीतून फुफाट्यात."

नव्या कोटातला वकील इतका वेळ उभाच होता. तो हळूच म्हणाला, "बरोबर आहे, साहेब."

"तुम्ही बसा," न्यायाधीश म्हणाले, पण रागाने नव्हे. "मग, बाई? घर नाही, झेंडा नाही. हा शब्द तुमच्या हातांत मावतो का नाही?"

तिने आपल्या हातांकडे पाहिले. काचवालाही तिच्याच हातांकडे बघत होता. त्याचा घर-संसार, सुटका-तुरुंग सगळे त्या दोन रिकाम्या तळव्यांवर येऊन ठेपले होते. चुकीचे छप्पर तिनेच घातले होते, तेव्हा बरोबर छप्पर घालणेही तिच्याकडेच आले. आणि हे कुणी शिकवलेले नव्हते. आईने शिकवलेल्या खुणांत दूध होते, ताप होता, भूक, राग, लाज, देणे-घेणे सगळे होते. एवढे मोठे काही नव्हते. आईला एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल कधी कुणी काही विचारलेच नव्हते.

तिने बोटांचे छप्पर केले. छोटे. ते डावीकडे ठेवले. पुन्हा केले, शेजारी ठेवले. तुझे घर, असे त्याच्याकडे दाखवले. हे माझे. हे शेजाऱ्याचे. अलीकडच्या गल्लीचे, पलीकडच्या गल्लीचे. न्यायाधीशांकडे हात केला, हे त्यांचे. सरकारी वकिलांकडे केला, हे त्यांचे. वकील अवघडून कोट सारखा करू लागले. मग तिने हात जितके ताणता येतील तितके वर आणि लांब ताणले, टाचा उचलल्या, आणि त्या सगळ्या छोट्या छपरांवर एक थोरले छप्पर धरले. बोटे काही टोकाला टोक लागेनात. दोन्ही हातांच्या मध्ये आभाळाएवढी फट राहिली. तिने ती तशीच राहू दिली.

मग हळूच तळवे खाली. निवांत. सगळ्यांचे. मग मुठी. मोडले. त्या संध्याकाळी, दगडांनी. तू?

काचवाल्याने उत्तर द्यायला वेळ लावला. त्याने तिचे थोरले छप्पर स्वतःच्या हातांनी करून बघितले, नवे कापड बोटांत धरून बघतात तसे. मग मान हलवली. नाही.

"नाही," ती म्हणाली. "मोठं घर मी मोडलं नाही." श्वास सोडला तिने. नवा कोट हसलाच.

पण त्याचे हात पुन्हा उठले. पण.

"पण," ती म्हणाली.

"पण नको!" नवा कोट कळवळला. "ताई, त्याला सांगा, पण नको! नाही म्हणाला, पुरे!"

तिला ते सांगता आले असते. हातांची हालचाल, कुणाला कळणार? एकदा त्याच्यासाठी नियम मोडलाच होता, मग आता हा एक 'पण' त्याच्याच भल्यासाठी गिळला तर काय बिघडले? काचवाला तिच्या डोळ्यांत बघत होता. त्याला या दालनात एकच तोंड होते आणि ते तिचे होते. ते तोंड आज एकदा चुकले होते. ते आता जाणूनबुजून मिटले, तर त्याच्यापाशी काय उरत होते?

"साहेब, तो बोलतोय," ती म्हणाली. "मला सांगावं लागेल."

"सांगा."

ती त्याच्या हातांमागून चालू लागली, शब्द सापडतील तसे उचलत.

"माझा भाऊ ऐकणारा आहे. लहानपणापासून तोच माझे कान. त्या दिवशी तो म्हणाला, मी आपल्या गल्लीतल्यांबरोबर जातो. रस्त्यावर. पलीकडचे आपल्याला मारायला आलेत. मी म्हणालो, जाऊ नको. त्या गल्लीतल्या खिडक्या मीच बसवल्या. तो म्हणाला, तुला ऐकू येत नाही ते काय काय बोलतात. मला राग आला. मी म्हणालो, गेलास तर परत येऊ नको. तो गेला. मी दार लावलं."

तो थांबला. तीही थांबली. न्यायाधीशांनी सर्दीचा रुमाल हातातच धरून ठेवला होता.

"आमच्या दाराला दिवा आहे. बाहेरचं बटण दाबलं की घरात दिवा लागतो, मला कळतं. रागानं मी तो दिवा काढून ठेवला. नंतर वाटलं, तो आला असेल तर? ठोठावत असेल तर? मला कसं कळणार? दार उघडलं. कुणी नव्हतं. हातात काम होतं तसाच धावलो. हातोडी हातातच राहिली. बाजारात पायांना कळलं की काचा पडतायत. जमीन थरथरते. मी त्याला शोधत होतो. मग मला धरलं."

"भाऊ आता कुठे आहे?" न्यायाधीशांनी विचारले.

तिने विचारले. काचवाल्याने दोन तर्जन्या शेजारी धरल्या, मग एक बाजूला नेली, आणखी बाजूला, आणि तो हात उघडा करून सोडून दिला.

"ठाऊक नाही. घरी आला नाही."

 मग त्याने शेवटचे म्हणून तिचेच थोरले छप्पर पुन्हा केले, त्याच्या आत आपले छोटे ठेवले, आणि तिच्याकडे प्रश्न केल्यासारखे पाहिले. 

"तो म्हणतो, माझं घर या मोठ्या घराच्या आतच आहे ना? आतलं मोडलं. मग बाहेरचं मी मोडलं नाही, असं मी कसं म्हणू? तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा."

सरकारी वकील उठले. आरोपपत्र मिटले आणि पुन्हा बसले. 

न्यायाधीशांनी रुमाल बाजूला ठेवला. "हा कबुलीजबाब नाही," ते शेवटी म्हणाले. "याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण कबुलीजबाब म्हणत नाहीत. लिहा, आरोप अमान्य. जातमुचलक्यावर सोडा. आणि याच्या भावाचा तपास लावा. ते कोणत्या कलमात बसतं, ते मी बघतो." मग तिच्याकडे वळून, "बाई, पहिल्या चुकीबद्दल मला वर कळवावं लागेल. तोवर तुम्हाला बोलावणं येणार नाही."

"हो, साहेब."

"लिहिताना मी दोन्ही लिहीन. चूकही आणि चूक सांगितल्याचंही."

ती बाहेर आली तेव्हा तिचे खांदे दुखत होते, दिवसभर वाळूच्या पाट्या वाहिल्यासारखे. आई बाकावर सरळ बसली होती. तिने काचेतून सगळे पाहिले होते, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

'ती मोठी खूण,' आई म्हणाली, 'कुणी शिकवली?'

'कुणीच नाही. तुला कशी वाटली?'

'छप्पर चांगलं होतं. भिंती कुठे होत्या?'

'आई, माझे हात दोनच आहेत.'

'तेच म्हणते,' आई म्हणाली. 'एकटीनं कशाला धरायचं.'

तेवढ्यात कागदावर अंगठा उमटवून, सही करून काचवाला बाहेर आला. दारात उभा राहून त्याने उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिले. आईला त्याने ओळखले, म्हणजे आपल्यातली आहे हे ओळखले, आणि दोघांनी एकमेकांना हात केला. आईने विचारले, 'जेवलास?' त्याने मान हलवली, नाही. आई म्हणाली, 'चल आमच्याकडे. भात मऊ झालाय, पण आहे.' त्याने हात छातीशी नेले. 'आधी घरी जातो. दिवा लावायचाय दाराला.' आणि तो झपझप निघून गेला, बाजाराच्या रस्त्याने, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी थबकून आत डोकावत.

त्या तिघीही त्याच रस्त्याने परत निघाल्या. नवरा आता उठला असेल, त्याला काय सांगावे याचा ती विचार करत होती. काम गेले म्हणून सांगावे, की राहिलेही असेल म्हणून? तो रागावणार नव्हता. तो म्हणेल, बरं झालं, मुंगीला कंटाळा येत होता. आणि मग गप्प बसून हिशोब करेल. पेढीवाली काकू अजून दुकानातच होती. हिला वाटले, थांबावे, काहीतरी म्हणावे. पण पाय थांबले नाहीत. चार पावले पुढे गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला, आणि ती परत फिरली.

"काकू," ती उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली. "बऱ्या आहात ना?"

काकू दचकली. "आहे बाई. तू?"

"आम्ही पण."

 काकूने मुंगीच्या गालाकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला. मुंगीनेच गाल पुढे केला, रोजची सवय. काकूने अलगद, न चिमटता, नुसता हात लावला.

पुढच्या वळणावर मुंगीने तिचा हात ओढला. इतका वेळ पोर गप्प होती, हेच नवल.

"आई, तू ते मोठं घर केलंस ना, आपल्या सगळ्यांचं?"

"हो."

"त्या काकांनी भावाला बाहेर काढलं आणि दार लावलं. मी बघितलं. पण तो त्यांच्या घराच्या बाहेर गेला तरी मोठ्या घरात होता ना?"

"होता."

मुंगीने थोडा विचार केला. मग तिने आपले इवलेसे हात डोक्यावर ताणून ते थोरले छप्पर केले, आणि मान वर करून आईकडे पाहत विचारले,

"मग मोठ्या घरातूनच कुणाला बाहेर काढलं, आई, तर तो कुठे उभा राहून ठोठावतो?"